अजिंठ्याची हवा आणि हनुवटीवरचा मास्क

आजचा इतिहास अगदी परवाचा आहे. फोनच्या गॅलरीत खाली खाली स्क्रोल करत गेलात तर सापडेल इतका जवळचा. कुठल्यातरी किल्ल्यावर किंवा लेण्यासमोर काढलेला फोटो, आणि मास्क नाकाऐवजी हनुवटीवर. तो फोटो डिलीट करू नका, पुढेमागे पुरावा म्हणून लागेल.

तर १७ मार्च २०२० पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने देशभरातली आपली स्मारकं बंद केली. साडेतीन हजारांहून जास्त. ताजमहाल तर १८८ दिवस बंद होता. त्याआधी तो १९७१ च्या युद्धात आणि १९७८ च्या यमुनेच्या पुरात बंद झाला होता, पण थोडक्या दिवसांसाठी. केंद्राने ६ जुलैपासून स्मारकं उघडायला परवानगी दिली, मात्र अंतिम निर्णय राज्यावर आणि जिल्हा प्रशासनावर सोडला. म्हणून ताज सप्टेंबरमध्ये उघडला आणि आपलं अजिंठा-वेरूळ थेट डिसेंबरमध्ये.

ताजचे नियम बघा. दिवसाला फक्त ५,००० लोक, तेही दोन सत्रांत. तिकीट ऑनलाइनच. गेटवर ताप मोजणार. मास्क सक्तीचा. ग्रुप फोटो नाही. आणि हो, रेलिंगला हात लावायचा नाही.

ही यादी म्हणजे त्या महिन्यातल्या विज्ञानाचा फोटो आहे. तेव्हा सगळा भर होता थुंकीच्या थेंबांवर आणि हात लागलेल्या पृष्ठभागांवर. म्हणून सहा फूट अंतर, सॅनिटायझर, रेलिंग. विषाणू बंद जागेतल्या हवेत रेंगाळतो आणि तिथूनही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या माहितीपत्रकात स्पष्टपणे मांडलं ते २०२१ च्या एप्रिलअखेर. तोवर आपल्याकडे दुसरी लाट आली होती आणि स्मारकं १५ एप्रिलपासून पुन्हा बंद झाली होती.

आता कायद्याचं. मास्क घाला असं सांगायचा अधिकार आला कुठून? एक होता २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, जो महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये लागू केला. मुंबईतल्या प्लेगमुळे इंग्रजांनी घाईघाईत केलेला, जेमतेम चार कलमांचा कायदा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरले, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कायदा मात्र मागे राहिला, आणि सव्वाशे वर्षांनी आपल्या नाकावर येऊन बसला.

आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गोष्ट मास्कवर थांबली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनाने सांगितलं की लसीचा निदान एक डोस झाला नसेल तर पर्यटनस्थळी प्रवेश नाही. रेशन आणि पेट्रोललाही तीच अट. लेणी बघणं आणि रेशन घेणं एकाच आदेशात! हे मला तेव्हाही जरा जास्तच वाटलं होतं. लेणी नाही पाहिली तरी माणूस जगतो, रेशनचं तसं नाही.

पण माझा खरा मुद्दा हवेचा आहे. रायगडावर भन्नाट वारा असतो. वेरूळचं कैलास लेणं वरून उघडं आहे, डोंगर वरून खाली कोरत नेलाय, मोठ्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि अजिंठ्याचं पहिलं लेणं? काळोखा, बंदिस्त हॉल, हवा जायला-यायला पुढचीच बाजू. तिन्ही ठिकाणी नियम एकच: मास्क. आता दारावरच्या सुरक्षारक्षकाच्या बाजूने विचार केला तर ते बरोबरही आहे, त्याने प्रत्येक ठिकाणी वाऱ्याचा हिशोब करत बसायचं का? सरसकट नियम राबवायला सोपा. पण सोपा नियम सगळीकडे सारखाच उपयोगी असतो असं नाही.

गंमत म्हणजे, लेण्यातली माणसं मोजायला हवीत हे अजिंठ्यात साथीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. कारण वेगळं, चित्रं. १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांतली चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. आपण श्वास सोडतो तेव्हा ओलावा, ऊब आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पन्नास-शंभर लोक एकदम आत उभे राहिले की लेण्याची हवा बदलते, आणि तो ओलावा गिलाव्याला सोसत नाही. म्हणूनच आत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडायचं, फ्लॅश मारायचा नाही, गाड्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढे बसने जायचं. आणि इथे मास्कचा उपयोग नाही बरं का. कापडातून ओलावाही जातो आणि कार्बन डायऑक्साइडही. चित्रांसाठी उपाय एकच, माणसं कमी.

फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत तर याच श्वासाने कहर केला. १९४० मध्ये चार पोरांना सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांची गुहा. १९४८ ला लोकांसाठी उघडली, दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली. भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, पांढरे थर जमायला लागले. १९६३ मध्ये सरकारने गुहा बंद केली ती कायमचीच. १९८३ मध्ये शेजारी तिची प्रतिकृती उघडली, लोक आता प्रतिकृतीच बघतात. त्याच वर्षी आपलं अजिंठा-वेरूळ जागतिक वारसा यादीत आलं.

म्हणजे बघा, साथीत दोन नियम एकत्र आले होते. एक चेहऱ्यावरचा, दुसरा आकड्याचा. पहिला सगळ्यांना दिसला, त्यावर भांडणं झाली, दंड झाले, मीम्स झाले. दुसरा नियम, दिवसाला इतकीच माणसं, वेळ ठरवून, तिकीट आधी काढून, हा फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. पण बंद लेण्यात माणसालाही आणि चित्रालाही जपणारा नियम तोच होता. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्राने मास्कसकट सगळे निर्बंध उठवले. आपण सगळे सुटलो, मीही खूश होतो. दिवसाला इतकीच माणसं ही मर्यादाही साथीचंच एक कलम होती, तीही मागे पडली.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. आकडा कमी केला की पोट कुणाचं मारलं जातं? गाइड, फोटोग्राफर, फर्दापूरचे दुकानदार. ताजच्या १८८ दिवसांत आगऱ्यातल्या गाइड-फोटोग्राफरांचं उत्पन्नच थांबलं होतं. त्यामुळे नुसतं ‘माणसं कमी करा’ म्हणून चालत नाही. माणसं दिवसभरात विभागली, सकाळची गर्दी दुपारकडे ढकलली, तर आकडा फार न घटवताही लेण्यातली हवा सुसह्य राहू शकते. वेळेचा स्लॉट देणारं ऑनलाइन तिकीट त्यासाठीच कामाचं.

तुम्ही जाणार असाल तर एक करून बघा. पहिल्या लेण्यात शिरल्यावर पद्मपाणीसमोर फोन काढण्याआधी मिनिटभर नुसते उभे राहा आणि आत किती जण आहेत ते मोजा. आकडा आम्हाला कमेंटमध्ये कळवा. आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. सोमवारी सकाळी फर्दापूरला पोचून परत फिरू नका.