मेजर गिल आणि अजिंठ्याचीं छायाचित्रें

शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास १८१९ सालीं अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच लेण्यांपायीं आयुष्याचा उत्तरार्ध वेचणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलचें नांव मात्र थोड्यांनाच माहीत असतें.

गिल हा मद्रासच्या फौजेंतला अधिकारी व कसलेला चित्रकार. लेण्यांतील भित्तिचित्रें झपाट्यानें नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या, असा आग्रह जेम्स फर्ग्युसन व लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी यांनीं धरल्यावरून कंपनी सरकारनें १८४४ सालीं त्याची नेमणूक केली. अजिंठा गांवच्या बारादरींत बिऱ्हाड करून त्यानें वर्षानुवर्षें तैलरंगांत भव्य नकला उतरविल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि मोजक्या चित्रांखेरीज सर्व श्रमांची राख झाली.

सुदैवानें तत्पूर्वींच गिलनें कॅमेरा हातीं धरला होता. त्या काळीं कांचेवर रसायन पसरून ती ओली आहे तोंच छायाचित्र घ्यावें लागे. अंधाऱ्या लेण्यांत हें काम किती जिकिरीचें असेल! १८६४ सालीं फर्ग्युसनच्या विवेचनासह गिलचीं दोन पुस्तकें निघालीं. एकांत लेण्यांचीं ७४ छायाचित्रें होतीं. दुसऱ्यांत जोडभिंगांतून पाहिल्यास खोली भासविणारीं शंभर. खांबांच्या रांगांवर पडलेला छायाप्रकाश पाहतांना चित्रकाराची नजर ओळखू येते.

पुढें मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनें विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्येंच जळाल्या. शिवाय, रंग उठावदार दिसावे म्हणून नकलकारांनीं भिंतींस लावलेल्या व्हार्निशानें मूळ चित्रें काळवंडलीं, तें नुकसान निराळेंच.

छायाचित्रास रंग नव्हता, हें खरें. परंतु त्यानें भिंतीस बोट लावलें नाहीं, आणि एका कांचेवरून अनेक प्रती निघाल्यामुळें एका आगीनें त्याचा निकालही लागला नाहीं. कुंचल्यानें जें साधलें नाहीं, तें या रंगहीन कलेनें साधलें.

गिल १८७९ सालीं भुसावळास वारला. त्याची कबरही तेथेंच आहे. अजिंठ्यास जाणाऱ्यांनीं वाटेंत तेथें क्षणभर थांबावें. लेण्यांचें मूळ रूप घडविणाऱ्यांइतकाच, तें जपूं पाहणाराही आपल्या कृतज्ञतेस पात्र आहे.