मार्सेलिस ते तळोजा: कैद्याच्या वतीनं बोलणार कोण?

तळोज्यात बोलायचं तर सुरुवात तळोज्यापासूनच करू. पनवेल तालुक्यातलं हे नाव बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक एमआयडीसी, दुसरं मध्यवर्ती कारागृह. एमआयडीसीचा विषय, म्हणजे पर्यायानं कासाडी नदीचा विषय, पुन्हा कधीतरी घेऊ. आज कारागृह. आम्हाला दिलेला विषय 'आंतरराष्ट्रीय न्याय आणि मानवी हक्क' असा आहे. तो ऐकला की लोकांना हेग आठवतं, जिनिव्हा आठवतं. पण या विषयाची खरी मेख तुरुंगाच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर जास्त स्पष्ट दिसते, असं आमचं मत आहे.

आधी शब्दाची गंमत. 'इंटरनॅशनल' हा इंग्रजी शब्द घडवला जेरेमी बेंथम यांनी, १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात. आणि याच बेंथम महाशयांनी 'पॅनॉप्टिकॉन' नावाच्या तुरुंगाचा आराखडा केला होता, मधल्या एका मनोऱ्यातून सगळ्या कोठड्या दिसाव्यात असा. योगायोग म्हणा. पण बेंथमना त्या शब्दातून राज्याराज्यांमधला कायदा म्हणायचं होतं, हे ध्यानात ठेवा. माणूस त्यात मुख्य नव्हता.

आता १९१० सालात जाऊ. विनायक दामोदर सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर १३ मार्चला अटक झाली आणि जुलैमध्ये 'मोरिया' बोटीवरून त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आलं. ८ जुलैच्या सकाळी बोट मार्सेलिसच्या बंदरात असताना त्यांनी बोटीच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली. ते धक्क्यावर चढले, धावले. पुढं काय झालं ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. फ्रेंच सागरी पोलिसांतल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना पकडलं आणि बोटीवर परत नेऊन इंग्रजांच्या हवाली केलं. उडीची गोष्ट आपण शंभर वर्षं सांगत आलो. त्या उडीनंतर हेगला जे घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला प्रत्यार्पणाची रीतसर कार्यवाही न करता परत देणं हा फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग, असा गलका पॅरिसमध्ये झाला. मादाम कामांनी धावपळ केली. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी समाजवाद्यांच्या पत्रात आवाज उठवला. दोन्ही सरकारं अडचणीत आली, कारण १९०४ पासून त्यांचं सख्य जमलं होतं आणि ते मोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. शेवटी २५ ऑक्टोबर १९१० रोजी करार झाला, की प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडं सोपवायचं. लवाद पाच जणांचा. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, फ्रान्सचे कायदेपंडित रनो, शिवाय इंग्लंड, नॉर्वे आणि नेदरलंड्सचा प्रत्येकी एक. बेर्नार्ट आणि रनो हे दोघेही शांततेच्या नोबेलचे मानकरी. म्हणजे मंडळी काही ऐरीगैरी नव्हती.

त्यांच्यापुढं प्रश्न एकच होता: आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सावरकरांना ब्रिटननं फ्रान्सकडं परत द्यायला हवं की नको? प्रश्नाची घडण पाहा. 'द्यायचं की नाही', कुणाला? फ्रान्सला. वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात होता. ज्याच्या गळ्याशी फास होता तो या खटल्यात पक्षकार नव्हता. त्याला बोलावलं नाही, त्याचा वकील नव्हता, त्याचं म्हणणं नोंदवलं गेलं नाही. मधल्या काळात मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणानं डिसेंबर १९१० मध्ये एक आणि जानेवारी १९११ मध्ये दुसरी, अशा दोन जन्मठेपी देऊन टाकल्या होत्या. हेगचा निकाल यायचाच होता.

तो २४ फेब्रुवारी १९११ ला आला. लवाद म्हणाला, अटकेत आणि हवाली करण्यात अनियमितता झाली, हे मान्य. पण परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळं कैदी हाती आला म्हणून त्याला परत केलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही. म्हणजे चूक झाली, पण ती दुरुस्त करण्याचं बंधन कुणावर नाही! आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा हा निवाडा वर्गात ठेवत असू. कायदेशीर तर्क म्हणून तो निर्दोष आहे. त्यात गृहीत धरलेली गोष्ट भयंकर आहे: इजा झाली असेल तर ती फ्रान्सला झाली, आणि फ्रान्सची समजूत निघाली की हिशेब मिटला. जुलै १९११ मध्ये सावरकर अंदमानात पोहोचले.

आता कुणी म्हणेल, ते साम्राज्यांचं युग होतं, नंतर जग बदललं. बदललं की. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द काढून 'सर्व माणसं' असा करायला लावला तो मुंबईच्या विधान परिषदेत बसलेल्या आपल्या हंसा मेहतांनी, हे अभिमानानं सांगावं असंच आहे. मग १९६६ चे दोन करारनामे आले. नागरी आणि राजकीय हक्कांचा करारनामा भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला. पण त्याला जोडून एक ऐच्छिक पूरक करार आहे. एखाद्या व्यक्तीला आपल्या देशातले उपाय संपल्यावर थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडं तक्रार करता येते ती त्याच्या आधारे. तो भारतानं स्वीकारलेला नाही. हक्क मान्य, हक्कदाराला दार नाही, अशी ही स्थिती आहे. (अमेरिकेनंही तो स्वीकारलेला नाही, तेव्हा हा दोष आपल्या एकट्याचा म्हणून मिरवू नये.)

आता तळोज्याला येऊ. या कारागृहात अनेक वर्षं एक कैदी होता, अबू सालेम. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या स्फोटांत २५७ माणसं मेली. त्या कटातला हा दोषी. २००२ मध्ये तो लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालच्या राज्यघटनेत फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. तेव्हा उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी लेखी हमी दिली, की याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद होणार नाही. त्या हमीवर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. २०१७ मध्ये स्फोटांच्या खटल्यात शिक्षा ठोठावल्या गेल्या तेव्हा दोघांना फाशी झाली, सालेमला जन्मठेप. मग प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला: जन्मठेप की २५ वर्षं? ११ जुलै २०२२ ला न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि एम. एम. सुंदरेश यांनी सांगितलं, की सरकारनं पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे. २५ वर्षं पुरी झाली, की सरकारनं त्याच्या सुटकेसाठी पावलं उचलायची.

स्फोटांत घरातलं माणूस गमावलेल्या कुणालाही हे ऐकून संताप येईल, आणि तो संताप आम्हाला समजतो. तरीही निकाल योग्यच आहे असं आम्ही म्हणू. शब्द दिला तर पाळायचा. कांटच्या ग्रंथांची पारायणं करून आम्ही याहून वेगळं काही शिकलो नाही. पण नीट पाहा, सालेमचं रक्षण कशानं झालं? त्याच्या माणूसपणानं नव्हे. पोर्तुगालनं त्याच्यासाठी अट घातली म्हणून. १९११ मध्ये फ्रान्सनं मागणी करूनही सावरकर सुटले नाहीत, २०२२ मध्ये पोर्तुगालची अट टिकली. प्रगती झाली, हे नाकारता येत नाही. पण दोन्ही वेळा कैद्याच्या मागं कोणतं राज्य उभं आहे, यावरच सगळं ठरलं.

आणि ज्याच्या मागं कुणीच परकं राज्य नाही, जो आपलाच नागरिक आहे, त्याचं काय?

याच तळोजा कारागृहात ऑक्टोबर २०२० मध्ये ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी आले. रांचीहून राष्ट्रीय तपास यंत्रणेनं त्यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक केली होती. आरोप बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंधांचा. त्यांनी तो नाकारला होता. खटला उभाच राहिला नाही, तेव्हा खरं-खोटं न्यायालयात ठरलं नाही आणि आता ठरणारही नाही. पार्किन्सनच्या आजारानं त्यांचे हात थरथरत, पेला धरता येत नसे. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडं पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मागितला. यंत्रणेनं उत्तर द्यायला वीस दिवस घेतले. उत्तर असं, की ती वस्तू आम्ही जप्त केलेलीच नाही. यूएपीए कायद्याच्या कलम ४३ ड मुळं आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयानं तो नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाचं अपील उच्च न्यायालयात चालू असतानाच, त्यांचा मृत्यू झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटानं त्याच नोव्हेंबरमध्ये मत दिलं, की ही स्थानबद्धता मनमानी होती. परराष्ट्र मंत्रालयानं जुलैतच सांगून टाकलं होतं, की सगळं कायद्याच्या प्रक्रियेनुसार झालं. कार्यगटाच्या मताला अंमलबजावणीची ताकद नाही. कैद्याला बाहेरच्या माणसाला मिळेल त्याच दर्जाचे उपचार मिळावेत, असं २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला चोविसावा नियम सांगतो. तेही बंधनकारक नाहीत. त्या सिपरसाठी कुणी पोर्तुगाल हमी मागायला आला नव्हता.

सावरकर, सालेम आणि स्टॅन स्वामी यांना एका व्याख्यानात आणलं म्हणून सभागृहातले दोन्ही बाजूंचे लोक नाराज झालेले दिसताहेत. आम्ही माणसांची तुलना करत नाही आहोत. त्यांच्या मागं कोण उभं होतं, एवढंच विचारतो आहोत.

यात एक विचित्र पेच आहे. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र आजवर केलं नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली. त्यातलं एक कारण व्यवहारी होतं: असा कायदा नसल्यानं परदेशातून आरोपी आणणं अवघड जातं. डेन्मार्कच्या न्यायालयानं पुरुलिया शस्त्रप्रकरणातला आरोपी किम डेव्ही २०११ मध्ये याच कारणानं दिला नाही. २०१८ मध्ये मल्ल्यांच्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या बाराव्या बराकीचा व्हिडिओ मागवला, तेव्हा उजेड कुठून येतो, हे आपल्या सरकारला दाखवावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयानं संजय भंडारी यांना तिहारमधल्या धोक्याचं कारण देऊन सोडलं.

म्हणजे लंडनमध्ये बसलेल्या श्रीमंत आरोपीला बराकीतल्या उजेडाची हमी मागता येते, आणि ती द्यावी लागते. पनवेलच्या, रायगडच्या एखाद्या गावातून उचललेला कच्चा कैदी तळोज्यात येतो, त्याच्या बराकीचा व्हिडिओ कुणी मागवत नाही. छळाविरुद्धच्या कराराचं अनुसमर्थन आणि तो पूरक करार, या दोन गोष्टी झाल्या तर त्याला निदान तक्रारीचं एक दार मिळेल. दोन्हींसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणीतरी केव्हापासून हात वर करून बसलंय.