निकितिनची वही, जेझुइटांची टिंबं आणि माझा एआय

'आज सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं होतं? ते झालं का? नसेल झालं, तर कशापाशी अडलं? उद्या सकाळी पहिली गोष्ट कोणती?'

हे चार प्रश्न तुम्ही कुठे ना कुठे वाचले असतीलच. मी ते एका एआय सहायकाला देऊन ठेवले होते. रोज रात्री साडेनऊला तो विचारायचा, मी अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत उत्तरं टाइप करायची, आणि तो त्यातून दिवसाचा सारांश काढून द्यायचा. पीएचडीचं चौथं वर्ष, चौल बंदरावरचं प्रकरण रखडलेलं. म्हटलं, करून बघू.

दोन आठवडे झकास गेले. रोज झोपताना वाटायचं की गाडी रुळावर आली. मग गाइडनी सहज विचारलं, "चौलची किती पानं झाली?" मी मोजली. एकही नाही. घरी येऊन चौदा दिवसांचे सारांश पुन्हा वाचले, तर प्रत्येकात मी 'भक्कम पाया रचत' होते किंवा 'महत्त्वाची प्रगती' करत होते. सहायक खोटं बोलला नव्हता. मी रोज 'आज वाचन झालं' असं सांगत होते आणि तो तेच छान शब्दांत मला परत देत होता.

तेव्हा लक्षात आलं की ज्या प्रकरणाची पानं होत नव्हती, त्याच प्रकरणात स्वतःला प्रश्न विचारणारे लोक बसलेले आहेत. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

पहिला अफनासी निकितिन. रेवदंड्याला गेला असाल तर तिथे एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ पाहिला असेल. जुन्या हिंदी सिनेमाचे शौकीन असाल तर 1957 चा 'परदेसी' आठवेल, नर्गिस आणि बलराज साहनींचा. तो याच माणसावर आहे. निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. 1469 च्या सुमारास (काही अभ्यासक हे साल दोन वर्षं पुढे नेतात) तो होर्मुझहून जहाजाने मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला. सोबत एक घोडा होता. दख्खनमध्ये लढाईच्या कामाचे घोडे फारसे पैदा होत नसत. बहमनी राज्याला ते समुद्रापलीकडून आणावे लागत आणि चौल हे त्यांचं एक मोठं दार होतं. हिशेब सरळ होता: घोडा विकायचा, इथला माल घ्यायचा, घरी परतायचं.

चौलहून पाली, तिथून घाट चढून जुन्नर. जुन्नरला तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. पावसानेही अडकवून ठेवलं. घोडा पोसायचा खर्च चालूच. बीदरला तो एकदाचा विकला गेला, तोवर त्या हिशेबाचं काय झालं असेल हे तुम्हीच ताडा.

पण निकितिनची मला सगळ्यात जवळची वाटणारी अडचण घोड्याची नाही. प्रवासाच्या सुरुवातीलाच, अस्त्राखानजवळ, त्याला लुटलं होतं आणि त्या लुटीत त्याची धर्माची पुस्तकं गेली. त्यामुळे सण कधी, उपवास कधी, आज बुधवार की शुक्रवार, हेच त्याला कळेना. हे त्याने वहीत स्पष्ट लिहून ठेवलंय. विचारणार कोणाला? आसपास त्याच्या पंथाचं कोणीच नाही. मग तो अंदाज बांधतो. मुसलमानांचा सण कधी येतो त्यावरून नऊ-दहा दिवस मागे जाऊन ईस्टर ठरवतो, पहाटेच्या आकाशात कृत्तिका आणि मृग कुठे आहेत ते नोंदवतो. बरोबर उत्तर मिळालंच असेल असं नाही. पण उत्तराचा प्रत्येक धागा त्याने स्वतः जमवलेला आहे आणि तो कुठून आला हेही लिहिलेलं आहे.

आणि आता कामाचं. तो स्वतःला विचारतो, या सफरीतून मिळालं काय? उत्तर कडू आहे. लोकांनी मला फसवलं, इथे आपल्या देशाच्या उपयोगाचा माल नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात जबर आहे, समुद्रावर लुटारू आहेत. असा आशय त्याने लिहिला. परतीच्या वाटाही एकेक करून तपासल्या. इकडे लढाई, तिकडे बंडाळी, कुठूनच धड रस्ता नाही. अखेर तो दाभोळहून जहाजात बसला. घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि 1475 मध्ये त्या तिथल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या हाती पडल्या. म्हणून आज आपण त्या वाचतो.

मला 'मिळालं काय' या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देता आलं नव्हतं. सहायकाने ते देऊ दिलं नाही असंही म्हणता येणार नाही. मी विचारलंच नव्हतं.

दुसरे लोक निकितिननंतर शंभरेक वर्षांनी चौलला आले. तुम्ही रेवदंड्याच्या कोटात फिरला असाल तर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून मध्येच उंच पडक्या भिंती दिसतात. पोर्तुगीज काळात हे खालचं चौल. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी इथे कोट बांधायला घेतला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे गेला. त्या पडक्या इमारतींमध्ये फ्रान्सिस्कनांचं चर्च आहे, डॉमिनिकनांचं आहे आणि जेझुइटांचं चर्च व मठही. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोलाने स्थापलेला संघ. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला ओळख पटते.

या संघाच्या माणसाला दिवसातून दोनदा स्वतःची तपासणी करावी लागे, हा नेमच होता. पद्धत लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात दिलेली आहे. पुस्तकाला पोपची मान्यता 1548 ची. ती पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसूच आलं, कारण हे तर आजच्या सवयींच्या ॲपसारखं आहे. एकच दोष निवडायचा, सगळे नाही. सकाळी उठताना तो आज टाळायचा असं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब घ्यायचा: उठल्यापासून आत्तापर्यंत किती वेळा चुकलो? जितक्या वेळा, तितकी टिंबं एका ओळीवर काढायची. रात्री जेवणानंतर पुन्हा, दुसऱ्या ओळीवर. आठवड्याच्या सात दिवसांसाठी ओळींच्या सात जोड्या. पुस्तकातल्या आकृतीत या ओळी खाली येताना आखूड होत जातात. मग रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

दिवसभरात चूक झाली की लगेच छातीला हात लावायचा, अशीही सूचना आहे. चारचौघांतही कोणाला कळणार नाही अशी खूण. मला त्यात हेही दिसलं की रात्रीच्या आठवणीवर भिस्त राहत नाही, कारण रात्रीपर्यंत आठवण गुळगुळीत झालेली असते. हे वाचून मी थोडी गप्प झाले. माझे चौदा सारांश म्हणजे अगदी अशीच गुळगुळीत आठवण होती.

बघा, या आकृतीत वाक्य नाही. विशेषण नाही. टिंबाला 'महत्त्वाची प्रगती' म्हणता येत नाही. ते एकतर आहे किंवा नाही, आणि ते तुमच्याच हाताने काढायचं आहे.

एआय सहायकांचं मूळ दुखणं नेमकं इथे आहे. ते भाषेवर शिकलेले आहेत आणि समोरच्याला आवडेल असं उत्तर देण्याकडे त्यांचा कल असतो. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक नवं रूप मागे घ्यावं लागलं, कारण ते फारच हांजी हांजी करायला लागलं होतं. सुधारणा होत राहतील, पण मी 'वाचलं' म्हटलं आणि प्रत्यक्षात चार तास त्याच लेखाच्या तळटीपा चाळल्या, हे माझ्याशिवाय त्याला कोण सांगणार?

म्हणून मी मांडणी बदलली. आता वहीत दोन ओळी आहेत, दुपारची आणि रात्रीची. मोजायचा दोष एकच: लिहायला बसून लिहिण्याऐवजी आणखी एक संदर्भ उघडणं. जितक्या वेळा उघडला तितकी टिंबं, तेव्हाच्या तेव्हा. रात्री सहायकाला टिंबांचा आकडा आणि लिहिलेल्या ओळींचा आकडा द्यायचा. त्याला सूचना: शाबासकी नको, सल्ला नको, सारांश नको, आधीच्या उत्तरांशी ताडून फक्त काय बदललं आणि काय पुन्हा पुन्हा येतंय ते दाखव. हे काम तो खरंच छान करतो. महिनाभराची उत्तरं एकदम समोर ठेवून ताडणं मला जमत नाही, त्याला जमतं.

अकराव्या दिवशी त्याने दाखवलं की 'संदर्भ अजून पुरे नाहीत' हे मी नऊ वेळा लिहिलंय, आणि नऊच्या नऊ वेळा घोड्यांच्या व्यापाराबद्दल. कारण त्याने विचारलं नाही, मी विचारू दिलंच नसतं. ते वहीत लिहिलं, फक्त वहीत.

हे 'फक्त वहीत' प्रकरणही नवं नाही. जेझुइट आपल्या मनाचा हिशेब वेळोवेळी वरिष्ठांपुढे उघडा करत. ऐकणारा त्यावरून कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवी. निकितिनने मात्र रशियन लिहिता लिहिता काही जागी मध्येच तुर्की-फारसी मिश्रण वापरलंय. आपल्या देशावर प्रेम आहे पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, हे त्याने असंच लिहिलं, वहीचा पहिला रशियन वाचक अडखळेल अशा भाषेत. तुमचा रोजचा हिशेब कोणत्या कंपनीच्या यंत्रात साठतोय, हे एकदा बघून ठेवा. मी गाइडबद्दलचं, पैशांचं आणि भीतीचं तिथे टाइप करत नाही.

तर ते नऊ वेळा आलेलं वाक्य. घोड्यांच्या व्यापारावर मी दोन वर्षं वाचतेय. चौलपुरता जो पुरावा आहे त्यावर स्वतंत्र प्रकरण उभं राहत नाही, हे मला गेल्या दिवाळीपासून माहीत होतं. दोन वर्षांचा माल आपल्या देशाच्या उपयोगाचा नाही असं लिहायची हिंमत नव्हती, म्हणून आणखी एक संदर्भ उघडत होते. आता ते प्रकरण नाही, बंदराच्या प्रकरणातला बारा पानांचा एक भाग आहे. सहा पानं झाली आहेत. गाइडना सोमवारी पाठवायची आहेत आणि त्यांना हे कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

आज दुपारच्या ओळीवर चार टिंबं होती. रात्रीच्या ओळीवर तीन, हा लेख लिहिताना निकितिनची साल तपासायला उघडलेला संदर्भ धरून.