गेटबॉल : मुलांचा खेळ, आजोबांचे मैदान

गेटबॉल हा खेळ 1947 साली जपानच्या होक्काइदो बेटावर सुझुकी नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी तयार केला. युद्धानंतर रबराची टंचाई होती, चेंडू मिळत नसत. लाकूड मात्र भरपूर होते. म्हणून क्रोके या खेळाच्या धर्तीवर लाकडी चेंडू आणि हातोडी आली. पुढे हा खेळ मुलांपेक्षा ज्येष्ठांनीच उचलून धरला, आणि त्याची घडण पाहता ते योग्यच झाले.

पाच-पाच जणांचे दोन संघ, तीन फाटके, मधोमध एक खांब आणि अर्ध्या तासाचा डाव. धावपळ नाही, धक्काबुक्की नाही. एका वेळी एकच खेळाडू मैदानात उतरतो. खरी रंगत ‘स्पार्क’मध्ये असते. आपला चेंडू दुसऱ्याला लागला, की खेळाडू आपला चेंडू पायाखाली घट्ट धरतो, दुसरा त्याला चिकटवून ठेवतो आणि आपल्याच चेंडूवर हातोडी मारतो. खट्कन आवाज होतो नि दुसरा चेंडू दूर घरंगळतो. इथे ताकदीपेक्षा डोके चालवणारा जिंकतो. डाव आटोपशीर असल्याने उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी, सकाळच्या गारव्यातही तो सहज उरकता येतो. 1984 मध्ये या खेळाची जपानमध्ये राष्ट्रीय संघटना झाली, पुढच्याच वर्षी जागतिक.