अंगणवाडीपासून प्रयोगशाळेपर्यंत : ऑटिझमच्या जीवशास्त्राची प्रस्तावना

ऑटिझमच्या जीवशास्त्राकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. हे शास्त्र आई-वडिलांच्या ऋणात आहे, आणि याच शास्त्राच्या आसपास वावरणाऱ्या विद्वानांनी एकेकाळी आयांवर घोर अन्यायही केला आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर पुढचा सारा इतिहास समजायला सोपा जातो.

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपल्या लहान मुलाविषयी बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना ३३ टंकलिखित पानांचे पत्र लिहिले. मुलगा कुणाच्या येण्याजाण्याची दखल घेत नाही, वस्तू गरगर फिरवण्यात तासन्‌तास रमतो, ठरलेल्या क्रमात जराही बदल झाला की अस्वस्थ होतो, असे बारकाईने टिपलेले तपशील त्यात होते. पुढे १९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांवरचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातला पहिला मुलगा हाच. ही मुले जन्मतःच वेगळी घडण घेऊन येतात, असे कॅनर यांनी तिथे लिहिले. मात्र त्याच निबंधात पालकांच्या कोरड्या स्वभावाविषयीची टिपणीही होती. दुर्दैवाने पुढची दोन-अडीच दशके जगाने उचलून धरली ती ही टिपणी. आईने माया लावली नाही म्हणून मूल मिटून गेले, असा सिद्धांत ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या विद्वानांनी १९६७ मध्येही ठामपणे मांडला. त्याला पहिला खणखणीत विरोध १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी केला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही.

आपल्याकडे हा सिद्धांत पुस्तकांतून फारसा आला नाही. त्याला तशी गरजही नव्हती. ‘आई नोकरी करते’, ‘ग्रहणात बाहेर पडली असेल’, ‘लहानपणीच हातात मोबाइल दिला’ अशी वाक्ये आजही घरोघरी ऐकू येतात आणि ती बहुतेक वेळा सुनेलाच उद्देशून असतात. म्हणून या शास्त्राचे पहिले देणे कोणते, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. त्याने आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले.

हे घडले पुराव्याच्या बळावर. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यांतल्या एकबीज, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या, जोड्या ११ होत्या. पैकी चारांमध्ये दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. द्विबीज जोड्या १० होत्या. त्यांत अशी एकही जोडी आढळली नाही. आकडे लहान होते, पण दिशा स्पष्ट होती. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज सांगतो, की माणसामाणसांत ऑटिझमच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा आहे.

आनुवंशिकता म्हणजे नेमके काय, हे एका जनुकाच्या उदाहरणाने जवळून पाहू. एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचे जनुक आहे. त्याच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांमध्ये साधारण ३० वेळा. काही घराण्यांत ही संख्या ५५ ते २०० च्या दरम्यान असते. आईकडून मुलाकडे जाताना ती एकदम वाढू शकते, आणि २०० च्या पुढे गेली की जनुक बंद पडते. ऑटिझमशी जोडलेल्या या स्थितीला फ्रॅजाइल एक्स म्हणतात; जनुकाचा शोध १९९१ चा. आता अशा एखाद्या घराची वंशावळ डोळ्यांसमोर आणा. नातवाला बोलायला उशीर झाला आहे, तो नजर टाळतो, हात झटकत राहतो. मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेली. आईच्या वडिलांचे हात साठीनंतर थरथरू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला. घरच्यांच्या लेखी ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडची. प्रत्यक्षात ती एकाच जनुकाची तीन रूपे असू शकतात. ही वंशावळ कागदावर मांडणारा माणूस बहुधा शास्त्रज्ञ नसतो. सगळ्या नातेवाइकांची खबरबात ठेवणारी घरातली एखादी आजी किंवा आत्या असते.

हे जनुक बंद पडले की एक प्रथिन तयार होत नाही. दोन चेतापेशींच्या जोडावर नवी प्रथिने किती बनावीत, याला आवर घालणे हे त्या प्रथिनाचे काम. आवर सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर चेतापेशींच्या फांद्यांवरचे काटे आखूड आणि जाड डोक्याचे असण्याऐवजी लांब, बारीक आणि दाट दिसतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने भय आणि चिंतेशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, अमिग्डालात, फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांमध्ये असे जोड तपासले आणि त्यांतले काही दोष औषधाने मागे फिरवता येतात, हे २०१० मध्ये दाखवले.

फ्रॅजाइल एक्स मोजक्याच लोकांमध्ये असते. २०२० मध्ये ३५,५८४ जणांच्या जनुकीय माहितीच्या अभ्यासातून ऑटिझमशी पक्का संबंध असलेली १०२ जनुके पुढे आली. एवढी जनुके पाहून विद्यार्थी गोंधळतो. पण आळंदी, देहू, पैठण अशा दूरदूरच्या गावांहून निघालेल्या पालख्या पंढरपूरच्या आधी वाखरीला एकत्र येतात, तशी ही जनुकेही थोड्याच ठिकाणी येऊन मिळतात. त्यांतली बहुतेक दोन प्रकारची कामे करतात : गर्भावस्थेतल्या मेंदूत इतर जनुके केव्हा चालू-बंद व्हावीत हे ठरवणे, आणि चेतापेशींमधला संवाद सांभाळणे. संशोधकांची आजची खटपट या मिलनस्थळांचा शोध घेण्याची आहे. एक खबरदारी मात्र बाळगायची. ऑटिझम असलेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये एकच जनुक दोषी म्हणून दाखवता येत नाही. अनेक सामान्य भेदांचा बारीकबारीक परिणाम साठून तो घडतो.

जनुकांपलीकडची कारणेही आहेत, आणि त्यांतल्या एका कारणाची कहाणी पुणेकरांनी मुद्दाम वाचावी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गर्भात असताना रुबेलाची लागण झालेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस यांनी अभ्यास केला. १९७१ मध्ये त्यांनी नोंदवले, की त्यांतल्या १८ मुलांमध्ये पूर्ण किंवा अंशतः ऑटिझमची लक्षणे आहेत. म्हणजे रुबेला हे ऑटिझमचे एक ज्ञात कारण, आणि त्याला रोखणारी लस आपल्या हाती आहे. तरीही १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी केवळ १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लसीवरच ऑटिझमचा संशय घेतला. तो निबंध २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लसीचा आणि ऑटिझमचा कोणताही संबंध दिसला नाही. या लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात १९६६ पासून उभी आहे. पुण्याच्या लसीने जगभर रुबेला जितका हटेल, तितके ऑटिझमचे हे एक कारणही हटेल.

आता उपचारांविषयी. इथे आशा आणि संयम दोन्ही लागतात. २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने रेट सिंड्रोम या मेंदूविकासाच्या जनुकीय विकाराची लक्षणे दिसू लागलेल्या उंदरांमध्ये बंद असलेले जनुक पुन्हा चालू केले आणि उंदीर सुधारले. मेंदूची घडण एकदा चुकली की कायमची चुकली, या समजाला त्यामुळे तडा गेला. रेटसाठी ट्रोफिनेटाइड या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण फ्रॅजाइल एक्सवरची जी औषधे उंदरांमध्ये उत्तम चालली, ती माणसांवरच्या चाचण्यांत टिकली नाहीत. ऑक्सिटोसिनचा फवारा सामाजिक व्यवहार सुधारेल अशी मोठी अपेक्षा होती; २९० मुलांवरच्या चाचणीत तो २०२१ मध्ये निष्फळ ठरला. या अपयशांना लपवायचे कारण नाही. चाचणी प्रामाणिकपणे अयशस्वी ठरते, तेव्हा हजारो कुटुंबांचा पैसा आणि उमेद वाचते. याउलट आपल्या शहरांत मूळपेशींच्या इंजेक्शनांसाठी आई-बाप कर्ज काढतात, दागिने मोडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगता यायला हवी.

आणि उपचार कशावर करायचा, हेही नीट ठरवायला हवे. अपस्मार, झोप न लागणे, पोटाच्या तक्रारी, असह्य चिंता यांपासून सुटका हवी, याबद्दल दुमत नाही. स्वतः ऑटिझम असलेली अनेक प्रौढ माणसे मात्र ठामपणे म्हणतात, की आमची विचार करण्याची रीत ही व्याधी नाही, तिला जागा द्या. जीवशास्त्राने त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. कोणता त्रास आधी सोडवायचा, हे ज्याला त्रास होतो तोच सांगू शकतो.

आपल्या मातीचा या शास्त्रातला वाटा अजून लहान आहे, पण तो पायाभूत ठरू शकतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची मेंदूविकासाच्या अडचणींसाठी तपासणी झाली. त्यांतले एक ठिकाण उत्तर गोवा होते. गोव्यातच, आणि त्याच वेळी रावळपिंडीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. त्याने मुले आई-वडिलांशी आपणहून अधिक संवाद साधू लागली, असे २०१६ मध्ये दिसून आले.

जनुकशास्त्राच्या दृष्टीने तर भारतीय समाज अभ्यासाला अतिशय महत्त्वाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्ने होत आल्यामुळे अनेक समूह थोड्या पूर्वजांपासून वाढले आहेत. २०१७ च्या एका अभ्यासाने दक्षिण आशियात असे ८१ समूह दाखवले, ज्यांच्यावर या प्रक्रियेचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद आहे. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत कित्येक समाजांत आहे. आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच दिसणारे जनुकीय दोष अशा घरांत ओळखू येतात. तरीही जगातल्या ऑटिझमच्या जनुकीय साठ्यांत बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपली मुले त्यात आली नाहीत, तर उद्याच्या चाचण्या आणि औषधे त्यांच्यासाठी नेमकी नसतील.

म्हणूनच या विषयाची शास्त्रीय परिषद आपल्याकडे, पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात भरावी, असे मनापासून वाटते. एकाच तालुक्यात हिंजवडीचे संगणक उद्यान आहे, लवळ्याला विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, आणि शिवेपासून जवळच पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. ताम्हिणीच्या बाजूला गेले की मात्र बालविकासतज्ज्ञ गाठायला अख्खा दिवस मोडतो. कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज १९९४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे घर म्हणून उभे आहे. आमचे संशोधन मात्र बालकांपाशी अडकले आहे. ही मुले पन्नाशीची होतात तेव्हा त्यांच्या मेंदूचे, झोपेचे, स्मृतीचे काय होते, हा प्रश्न अशा घरांतच समोर उभा राहतो.

अशा परिषदेत जनुकशास्त्रज्ञांच्या शेजारी अंगणवाडी सेविकेलाही मांडणी करायला जागा हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि ज्या बाबी तपासतात त्यांत ऑटिझमही आहे. पथक जाते, सेविका राहते. हाक मारल्यावर वळून न बघणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणारे मूल पहिल्यांदा तिच्याच नजरेस पडते. तिची नोंदवही आणि प्रयोगशाळेतला जनुकीय अहवाल एकमेकांना जोडला गेला, तर दोन्हींची किंमत वाढते.

आणखी एका कारणाने ही जागा योग्य आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणासाठी जमिनी जाणार हे कळल्यावर इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. प्रकल्प मोठा, देशाच्या उपयोगाचा. पण ज्यांचे घर-शेत जाणार त्यांची संमती कुणी घेतली, हा त्यांचा सवाल होता. रक्ताचा नमुना घेताना तोच सवाल संशोधकाने स्वतःला विचारावा. संमतिपत्र आईला कळेल अशा मराठीत असावे, निष्कर्ष तिच्यापर्यंत परत यावेत आणि घराण्याची माहिती मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तिच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, याची हमी असावी.

या क्षेत्रात येणाऱ्याला संख्याशास्त्र हवे, पेशीविज्ञान हवे, संगणकाची सवय हवी. त्यासोबत एका कुटुंबाशी अनेक वर्षांची ओळखही हवी. ती ओळख असलेला संशोधक योग्य प्रश्न निवडतो, भलते आश्वासन देत नाही आणि अयशस्वी चाचणीचा निकालही वेळेवर छापतो. जीवशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र, शिक्षण, यांपैकी कोणत्याही वाटेने आपण आला असाल, इथे काम भरपूर आहे आणि मराठी बोलणाऱ्या माणसाची वाण आहे. आपले मनःपूर्वक स्वागत.