रानपिंगळा : आढळ आणि प्रसार

रानपिंगळा (शास्त्रीय नाव : अथेनी ब्लेविटी) हा मध्य भारतातील मोजक्या पानगळी जंगलांपुरता मर्यादित असलेला लहान घुबडवर्गीय पक्षी आहे. त्याचा आढळ व संख्या यांचा विचार करताना पक्ष्यांच्या प्रसाराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रसाराची संकल्पना
पिल्लाने जन्मस्थान सोडून पहिल्या विणीसाठी अन्यत्र जाणे म्हणजे जन्मप्रसार. प्रौढ पक्ष्याने विणीची जागा बदलणे म्हणजे वीणप्रसार. स्थलांतरात परतणे गृहीत असते, प्रसारात नसते. विस्तृत प्रदेशात आढळणारे पक्षी बहुधा स्थानिक पातळीवरही विपुल असतात. मात्र अशा पक्ष्यांचा प्रसार लांब पल्ल्याचाच असतो असे नाही. ब्रिटनमधील कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवर आधारित, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विपुल व विस्तृत आढळाच्या जातींचे प्रसार-अंतर उलट कमी दिसले. सर्वत्र योग्य अधिवास असल्यास दूर जावे लागत नाही.

खानदेशातील नोंदी
ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंद उरली नाही. ११३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढे तोरणमाळ, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मेळघाट व तानसा येथेही त्याची नोंद झाली.

तुलना
गावाशिवारातील ठिपकेदार पिंगळा आंब्याच्या ढोलीत वा पडक्या भिंतीतही राहतो. त्याचा आढळ दक्षिण व आग्नेय आशियात पसरला आहे. रानपिंगळ्याला मात्र सागाचे विरळ जंगल व ढोली असलेली जुनी झाडे लागतात. तापीकाठची कापूस-केळीची शेती त्याला निवासयोग्य नाही.

संवर्धन
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ केला. तथापि वृक्षतोड व अतिक्रमणामुळे सातपुड्यातील जंगले तुटक होत गेल्यास बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पुढचे जंगल गाठणे कठीण होते आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरून निघत नाही. म्हणून अभयारण्यांइतकेच त्यांना जोडणारे वनपट्टेही राखणे आवश्यक आहे.