पायाखालच्या लादीचा इतिहास

स्मरणिका समितीने "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" म्हणून गळ घातली. नोंदणीची तारीख, आजवरचे अध्यक्ष, लिफ्ट कधी बदलली हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात येईलच. मला सध्या लादीशिवाय दुसरं काही सुचत नाही. घर विकायला काढलंय, पुण्याला मुलीजवळ छोटी जागा घेते आहे, हे बहुतेकांना माहीत आहेच. एजंट पहिल्या दिवशी आला, वर पंख्याकडे नाही, खिडकीकडे नाही, थेट खाली बघून म्हणाला, "ताई, ही मोझेक लादी बदलून घ्या. व्हिट्रिफाइड टाका. दोन लाख जास्त येतील." मी म्हटलं, "लिहून देता का?" तर नुसता हसला.

(मूळचे पुणेकर असतील त्यांनी लादीच्या जागी 'फरशी' वाचावं. पंचवीस वर्षं डोंबिवलीत राहूनही आपल्या सोसायटीत हा वाद मिटलेला नाही.)

माझ्या आजोळी, कोकणात, लादी हा शब्दच नव्हता. तिथे 'जमीन' होती. पावसाळा संपला की नवी जमीन करायची. माती खणून, भिजवून पसरायची, लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची आणि वर शेणाने सारवायची. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड शेणात मिसळली की जमीन काळीशार दिसायची. पैसा लागायचा नाही, पण घरातल्या बायकांची पाठ लागायची. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवण आलंच. आजी मुंबईला आली की पहिलं कौतुक समुद्राचं नाही, लादीचं करायची.

ती लादी शहाबादी. लग्नानंतर मी गिरगावात दीड खोलीत आले तेव्हा तीच होती. शहाबाद हे कलबुर्गी, म्हणजे जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातलं गाव, पूर्वी निजामाच्या राज्यात. तिथला चुनखडीचा दगड थराथराने निघतो, त्यामुळे फार करवतकाम न करता पातळ फरश्या मिळतात. मुंबईहून सोलापूरमार्गे जाणारी रेल्वे १८७१ साली रायचूरला पोचली आणि शहाबाद याच मार्गावर. दगड स्वस्त, वाहतूक सोयीची. मग चाळी, वाडे, शाळा, देवळांची आवारं, सगळीकडे तोच करडा दगड. उन्हाळ्यात पाठ टेकली की थंडगार. दोष एकच, आंबट त्याला सोसत नाही. लिंबाचा रस किंवा कोकमाचं आगळ सांडलं की डाग कायमचा. चुनखडीच ती, आम्लाने खाल्लीच जाणार.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर मूर्तींबरोबर खालीही बघा. तिथल्या रंगीत नक्षीच्या लाद्या इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या. विलायतेहून येणाऱ्या अशा मालाला टक्कर द्यायची म्हणून १९२२ साली, स्वदेशीच्या वातावरणात, फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला. खादीच्या इतिहासात आपण कापड तेवढं लक्षात ठेवतो, लादी विसरतो. या सिमेंटच्या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं.

आपल्या घरांतली मोझेक ही त्याच कुळातली, जरा साधी बहीण. नाव मोझेक असलं तरी खरी जात इटलीच्या टेराझोची. संगमरवर कापताना उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, यातून ती कला वाढली. वरचा थर पांढरं सिमेंट आणि संगमरवराची खडी, खालचा थर साधं सिमेंट आणि रेती. भारतीय मानकात तिचं मापही ठरलेलं आहे. आपली दहा इंची लादी म्हणजे २५० मिलिमीटर, जाडी २२. ही जाडी महत्त्वाची, पुढे कामाला येणार आहे.

२००० साली ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने लाद्या बसवून दिल्या आणि पॉलिशचा खर्च मात्र आपल्यावर टाकला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. महिनाभर रोज कुठल्या ना कुठल्या घरातून मशीनची घरघर आणि जिन्यावरून पांढरं पाणी. तीन कट आणि शेवटी ऑक्झॅलिकचं पॉलिश. मग २६ जुलै २००५ आली. तळमजल्यावर पाणी शिरलं, भिजलेल्या गाद्या आपण सगळ्यांनी मिळून गच्चीवर नेल्या. पाणी ओसरल्यावर तिथल्या दोन कुटुंबांनी भरणी घालून जमीन उंच करून घेतली. म्हणून आजही त्यांच्या दारात पायरी चढावी लागते आणि छत हाताला लागेल असं वाटतं. लाद्या बदलायची लाट त्यानंतर हळूहळू वरच्या मजल्यांवर गेली.

आता सगळीकडे गुजरातमधल्या मोरबीचा माल. एके काळी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटून ते उद्ध्वस्त झालं होतं. त्याच गावाच्या परिसरात आज देशातल्या बहुतेक टाइल्स बनतात. मातीची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबून बाराशे अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, डाग धरत नाही. माल उत्तम, यात वाद नाही.

पण मला पैसे मोजायचे होते. बाथरूम आणि ओटा सोडून माझी लादी ३८० चौरस फूट. जुनी फोडून, डेब्रिज खाली नेऊन नवी बसवायची तर लाखाच्या वर. शिवाय खालच्या मजल्यावर आजोबा आजारी, त्यांच्या डोक्यावर आठ दिवस हातोडे. न फोडता वरूनच चिकटवायची तर ६० हजार, पण सगळी दारं खालून तासायची आणि दर चौरस मीटरला वीसेक किलो वजन इमारतीवर वाढवायचं. बाथरूमला हात लावायचाच नाही हे आधीच ठरवलं होतं. वॉटरप्रूफिंग उचकटलं तर गळतीचं भांडण पुण्यापर्यंत पाठलाग करेल. तिसरा सल्ला भाच्याचा, व्हिनाइलचा रोल अंथरायचा. सगळ्यात झटपट. पण नळाखालची फुटकी लादी त्याच्याखाली झाकून घर विकायचं, हे काही मला जमेना. घेणाऱ्याने महिन्याभरात रोल उचलला असता आणि माझं नाव काढलं असतं.

शेवटी पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने पेन्सिलने खरवडून बघितलं, म्हणाला, "माल चांगला आहे, ॲसिडने मारलाय." खरं होतं. गेली काही वर्षं कामवाली संडासचं ॲसिड पाण्यात घालून लादी पुसत होती आणि मी दुर्लक्ष केलं. २२ मिलिमीटरची लादी पुन्हा घासता येते, खाली ताजी खडी असतेच. पॉलिशचे साडेनऊ हजार झाले. फुटक्या चार लाद्यांचा प्रश्न होता. या मापाच्या, या रंगाच्या आता बाजारात मिळत नाहीत. वॉचमनने आठवण करून दिली की बिल्डरने जाताना काही लाद्या पंपरूममध्ये टाकल्या होत्या. पाच निघाल्या, गणपतीच्या मांडवाचे पाट टेकवायला वापरत होतो त्याच. कमिटीने रीतसर अर्ज घेतला आणि मोफत दिल्या. बसवण्याची मजुरी अडीच हजार. एकूण १२ हजारांत काम संपलं.

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं आलं. दोघांनी चपला दाराबाहेर काढल्या. मुलगी हॉलच्या मध्यभागी उभी राहून म्हणाली, "किती गार आहे!" लादी जुनी म्हणून त्यांनी पन्नास हजार कमी करून बघितले, मी वीसवर आणले. टोकन मिळालं. एजंटचे दोन लाख आले नाहीत, पण माझे लाखभर गेलेही नाहीत. निघताना मुलाने विचारलं, "आजी, नंतर चार बाय दोनच्या टाइल्स टाकायच्या झाल्या तर डेब्रिजसाठी कमिटीची परवानगी लागते का?"

लागते, डिपॉझिटही भरावं लागतं, असं मी सांगितलं. उरलेली पाचवी लादी पुसून पंपरूममध्ये परत ठेवली आहे, आत गेल्यावर डाव्या हाताला.